रक्तातला आकडा, ताटातला शेंगदाणा

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात २००७ ते २०११ या काळात लसीकरण केंद्रांवर वर्षभराच्या बाळांना घेऊन येणाऱ्या पालकांना एका अभ्यासात सहभागी होण्याची विनंती केली जात होती. चाचणी साधी होती. बाळाच्या त्वचेवर शेंगदाणा, अंडं, तीळ अशा पदार्थांच्या अर्काचा एकेक थेंब ठेवायचा, तिथं सुईच्या टोकानं हलकंसं टोचायचं आणि थोड्या वेळानं गांधी उठली आहे का ते पाहायचं. 'हेल्थनट्स' नावाचा हा अभ्यास पुढे पाच हजारांहून अधिक बाळांपर्यंत पोहोचला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांत २,८४८ बाळं होती. त्यांतल्या ८.९ टक्के बाळांना शेंगदाण्याच्या थेंबाखाली गांधी उठली होती.

संशोधक एवढ्यावर थांबले नाहीत. गांधी उठलेल्या बाळांना त्यांनी रुग्णालयात बोलावलं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली खराखुरा शेंगदाणा खायला दिला. आधी अगदी कणभर, काही झालं नाही तर थोडा जास्त, मग आणखी थोडा. या परीक्षेतून ॲलर्जी सिद्ध झालेल्या बाळांचं प्रमाण निघालं ३ टक्के. चाचणीत 'सापडलेल्या' दर तीन बाळांपैकी साधारण दोघांना शेंगदाणा बिनत्रास पचत होता.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल आपण जे जे आकडे ऐकतो, त्यांतला निम्मा गोंधळ या दोन टक्केवारींमधल्या अंतरातून येतो. समाजात किती जणांच्या शरीरात शेंगदाण्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे त्वचेवर गांधी उठवणारे रक्तातले घटक, आहेत, हा एक प्रश्न. किती जण शेंगदाण्यानं आजारी पडतात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर यंत्र देतं. दुसऱ्यासाठी माणसाला समोर बसवून त्याची हकिकत ऐकावी लागते आणि कधी कधी त्याला खाऊ घालून पाहावं लागतं.

प्रतिपिंड सापडलं कसं

ॲलर्जीचं कारण रक्तात असतं, हे १९२१ मध्ये एका धाडसी प्रयोगानं दाखवलं. ब्रेस्लाऊ (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) इथल्या हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजवलेले मासे चालत नसत. कार्ल प्राउसनिट्झ या त्यांच्या सहकाऱ्यांना माशांचा काहीच त्रास नव्हता. प्राउसनिट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथं गांधी उठली. एका माणसाची ॲलर्जी दुसऱ्याच्या त्वचेच्या छोट्याशा तुकड्यात उतरली होती.

रक्तातला हा घटक नेमका कोणता, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथं किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं तो वेगळा ओळखला. स्वीडनमधल्या उप्साला इथं गुन्नार योहान्सन आणि हान्स बेनिश हेही स्वतंत्र वाटेनं तिथंच पोहोचले. १९६८ मध्ये त्या प्रतिपिंडाला इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजेच 'आयजीई' हे नाव मिळालं.

रक्तातल्या सगळ्या प्रतिपिंडांमध्ये आयजीईचं प्रमाण सर्वांत कमी असतं. ते त्वचा, आतडी, श्वासनलिका यांतल्या मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून बसतं. शेंगदाण्यातलं प्रथिन शरीरात आलं आणि शेजारशेजारच्या दोन आयजीई रेणूंना एकाच वेळी जोडलं गेलं, की पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं बाहेर टाकते. काही मिनिटांपासून दोनेक तासांच्या आत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. प्रतिक्रिया तीव्र असेल तर श्वास कोंडतो आणि रक्तदाब कोसळतो. या तीव्र अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. तिच्यात जीव जाऊ शकतो.

उप्सालाच्या गटानं १९६७ मध्येच एखाद्या विशिष्ट पदार्थाविरुद्धचं आयजीई रक्तात मोजण्याची पद्धत शोधली आणि पुढच्या दशकात ती बाजारात आली. तोवर ॲलर्जी ओळखायला रुग्ण समोर लागत असे. आता रक्ताची नळी पुरेशी झाली. नळी साठवता येते, परदेशी पाठवता येते, वीस वर्षांनी पुन्हा तपासता येते. एका रुग्णाच्या ऐवजी अख्ख्या देशाची तपासणी शक्य झाली.

या पद्धतीत 'पॉझिटिव्ह' ठरवण्याची रेषा लिटरमागे ०.३५ किलोयुनिट अशी पडली. सुरुवातीच्या यंत्रांना त्याहून कमी प्रमाण खात्रीनं मोजता येत नव्हतं, म्हणून ती तिथं आली. माणूस कोणत्या पातळीवर आजारी पडतो, याच्याशी तिचा संबंध नव्हता. आजची यंत्रं ०.१ पर्यंत मोजतात. त्यामुळे 'पॉझिटिव्ह' माणसांची संख्या आणखी वाढते, आजारी माणसांची मात्र तेवढीच राहते.

देशाचं रक्त तपासलं तेव्हा

अमेरिकेत आरोग्य आणि आहाराची एक राष्ट्रीय पाहणी अनेक दशकं चालू आहे. देशाचं प्रतिनिधित्व करतील अशी माणसं निवडून त्यांच्या मुलाखती घेतात आणि फिरत्या तपासणी केंद्रांत त्यांचं रक्त घेतात. २००५-०६ च्या फेरीत आठ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तात शेंगदाणा, दूध, अंडं आणि कोळंबी यांच्याविरुद्धचं आयजीई मोजलं गेलं. शेंगदाण्याविरुद्धचं आयजीई साडेसात टक्क्यांच्या आसपास लोकांत सापडलं. संशोधकांनी मग वय आणि आयजीईची पातळी यांवरून खरी ॲलर्जी किती जणांना असावी याचा अंदाज बांधला, तो आला १.३ टक्के.

त्याच देशात दुसरीकडे फोनवरून विचारणा करणाऱ्या पाहण्या होत होत्या. घरातल्या मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांनुसार प्रमाण १९९७ मध्ये ०.४ टक्के, २००२ मध्ये ०.८ टक्के आणि २००८ मध्ये १.४ टक्के होतं. अकरा वर्षांत साडेतीन पट.

मग रक्तातली प्रतिपिंडंही तेवढीच वाढली होती का? १९८८ ते १९९४ च्या फेरीतलं रक्त शीतपेट्यांत जपून ठेवलेलं होतं. संशोधकांनी ते बाहेर काढलं आणि ६ ते १९ वर्षांच्या मुलांचे जुने आणि नवे नमुने शेजारी ठेवून पाहिले. या चार पदार्थांपैकी एखाद्याविरुद्ध तरी आयजीई असलेल्या मुलांचं प्रमाण आधी २४.३ टक्के होतं आणि नंतर २१.६ टक्के. वाढीचा मागमूस नव्हता.

याचा अर्थ पालक खोटं सांगत होते असा काढणं अन्यायाचं ठरेल. त्या वर्षांत ॲलर्जीची जाणीव वाढली, निदानं वाढली आणि सहा वर्षांखालची मुलं या तुलनेत नव्हतीच. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. समाजातल्या प्रतिपिंडांची मोजणी आणि समाजातल्या आजाराची मोजणी एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून चालत नाहीत.

घानाच्या शाळांमध्ये

हे सर्वांत ठळकपणे दिसलं पश्चिम आफ्रिकेत. घानामध्ये शेंगदाणा घरोघरी खाल्ला जातो. तिथल्या राजधानीच्या परिसरातल्या सोळाशेहून थोड्या अधिक शाळकरी मुलांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १७.५ टक्के मुलांच्या रक्तात शेंगदाण्याविरुद्धचं आयजीई होतं, म्हणजे अमेरिकेच्या दुपटीहून जास्त. त्वचेवरच्या चाचणीत गांधी मात्र फक्त २ टक्के मुलांना उठली. आणि रक्तात आयजीई सापडलेली बहुतेक मुलं शेंगदाणा मजेत खात होती.

एवढं आयजीई आलं कुठून? ज्या मुलांना शिस्टोसोमा नावाच्या परजीवी कृमीचा संसर्ग होता, त्यांच्यात शेंगदाण्याविरुद्धचं आयजीई जास्त सापडत होतं. हा कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमार्फत पसरतो. आयजीईचं शरीरातलं एक महत्त्वाचं काम अशा कृमींशी लढणं हेच आहे. कृमीच्या प्रथिनांवर साखरेच्या रेणूंच्या ज्या साखळ्या असतात, तशाच साखळ्या अनेक वनस्पतींच्या प्रथिनांवरही असतात. कृमीविरुद्ध तयार झालेलं आयजीई प्रयोगशाळेतल्या नळीत शेंगदाण्याच्या साखळ्यांनाही चिकटतं आणि यंत्र 'शेंगदाणा पॉझिटिव्ह' म्हणतं. साखरेला चिकटणारं हे आयजीई मास्ट पेशींना मात्र सहसा भडकवत नाही. रक्त एका जुन्या संसर्गाची नोंद दाखवत होतं आणि कागदावर ती ॲलर्जी म्हणून उतरत होती.

स्वीडनमध्ये असाच घोळ बर्च झाडाच्या परागांनी होतो. परागांतल्या मुख्य प्रथिनासारखंच एक प्रथिन शेंगदाण्यात आहे, त्याचं नाव 'आरा एच ८'. परागांची ॲलर्जी असलेल्या मुलांचं रक्त त्यामुळे शेंगदाण्यालाही प्रतिसाद देतं. पण हे प्रथिन उष्णतेनं आणि पाचकरसांनी मोडून जातं. अशा मुलांना बहुधा काहीच होत नाही, झालंच तर तोंडात खाज सुटते.

शेंगदाण्यात अनेक प्रथिनं आहेत आणि सगळी सारखी धोकादायक नसतात. 'आरा एच २' हे प्रथिन पोटातल्या आम्लाला आणि पाचकरसांना दाद देत नाही, शाबूत आतड्यापर्यंत पोहोचतं. मँचेस्टरमधल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासात आठ वर्षांच्या ११.८ टक्के मुलांमध्ये शेंगदाण्याविरुद्धची प्रतिक्रिया चाचणीत आढळली, पण त्यांतल्या फक्त २२ टक्क्यांच्या आसपास मुलांना खरी ॲलर्जी होती. आजारी मुलं आणि निरोगी मुलं यांना वेगळं करण्यात सर्वांत उपयोगी ठरलं ते आरा एच २ विरुद्धचं आयजीई. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. आज संपूर्ण शेंगदाण्याच्या अर्काऐवजी एकेका प्रथिनाविरुद्धचं आयजीई मोजण्याच्या चाचण्या उपलब्ध आहेत, त्यांचं मोल इथून कळतं.

हजार मुलांचं गणित

आता कागद-पेन्सिल घेऊन एक हिशोब करू. समजा, एक चाचणी अशी आहे की खरी ॲलर्जी असलेलं एकही मूल तिच्यातून सुटत नाही. ॲलर्जी नसलेल्या दर शंभर मुलांमध्ये मात्र ती सहा मुलांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. वरवर पाहता ही उत्तम चाचणी आहे.

ती मेलबर्नसारख्या ठिकाणी हजार मुलांवर करू. तिथं हजारात ३० मुलांना खरी ॲलर्जी आहे, ती सगळी सापडतील. उरलेल्या ९७० पैकी सहा टक्के, म्हणजे ५८ मुलं चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण ८८ पॉझिटिव्ह, त्यांत ३० खरी. साधारण तिघांत एक. हेल्थनट्समध्ये प्रत्यक्ष जे दिसलं, त्याच्या अगदी जवळचं हे उत्तर आहे.

तीच चाचणी आता अशा प्रदेशात नेऊ, जिथं हजारात एकाच मुलाला ॲलर्जी आहे. ते एक मूल सापडेल. उरलेल्या ९९९ पैकी ६० चुकून पॉझिटिव्ह येतील. ६१ अहवालांवर लाल शाईनं खूण होईल आणि त्यांतला एकच खरा असेल. साठ घरांत शेंगदाणा विनाकारण बंद होईल.

तिसरी जागा दवाखान्याची. समजा, इथं येणारी मुलं अशी आहेत की शेंगदाणा खाल्ल्यावर काही मिनिटांत त्यांना उलटी झाली किंवा अंगभर गांधी उठल्या, आणि अशा हजार मुलांपैकी निम्म्यांना खरी ॲलर्जी आहे. चाचणी ५०० खरी मुलं पकडेल आणि ३० चुकून दाखवेल. पॉझिटिव्ह आलेल्या १०० मुलांपैकी ९४ जणांना खरोखर ॲलर्जी असेल.

यंत्र तेच, रसायनं तीच, कागदावरचा शब्दही तोच. बदललं ते फक्त कोणाला तपासलं. अहवाल हाती आल्यावर 'काय निघालं?' असं विचारण्याआधी 'कोणाचं आणि कशासाठी तपासलं?' असं विचारावं लागतं, ते यासाठी.

आपल्याकडचं चित्र

भारतातली या विषयावरची एक मोठी पाहणी कर्नाटकात, बंगळूर आणि म्हैसूर परिसरात झाली. युरोपच्या पुढाकारानं चाललेल्या अन्न-ॲलर्जीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा ती भाग होती. म्हैसूरचे डॉ. पी. ए. महेश आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रौढांचे निष्कर्ष मांडले. अकरा हजारांहून अधिक लोकांना प्रश्नावली दिली गेली आणि त्यांतून निवडलेल्यांचं रक्त २४ खाद्यपदार्थांसाठी तपासलं गेलं. एखाद्या तरी पदार्थाविरुद्ध आयजीई असलेल्यांचं प्रमाण २६.५ टक्के भरलं, म्हणजे दर चौघांत एक. लक्षणं आणि प्रतिपिंडं यांचा मेळ बसून 'बहुधा ॲलर्जी' म्हणता येईल असे लोक १.२ टक्केच होते, आणि त्यांत दूध व सफरचंद पुढे होते. याच प्रकल्पाच्या मुलांवरच्या पाहणीत भारतातलं प्रमाण ०.१४ टक्के, तर हाँगकाँगमधलं १.५ टक्के निघालं.

महाराष्ट्राला हे चित्र लागू करताना शेंगदाण्याचं आपल्या स्वयंपाकघरातलं स्थान आठवावं लागतं. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, उपासाला लाडू. एखाद्या मुलाचा शेंगदाणा बंद करायचा म्हटलं तर घरातलं प्रत्येक पातेलं, प्रत्येक सण आणि शाळेतला प्रत्येक डबा तपासावा लागतो. स्वस्त आणि सकस प्रथिनं ताटातून जातात, शिवाय भीती घरात येते. ज्या मुलाला खरी ॲलर्जी आहे त्याच्यासाठी हे सगळं करायलाच हवं, त्यात कसूर चालणार नाही. ज्याला ती नाही, त्याच्यावर हे लादणं ही इजा आहे.

टाळण्याची किंमत

विनाकारण टाळण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो उशिरा कळला. ब्रिटनमध्ये १९९८ पासून आणि अमेरिकेत २००० पासून, ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्या घरांतल्या मुलांना पहिली तीन वर्षं शेंगदाणा देऊ नये असा सल्ला दिला जात होता. पुढे लंडनचे गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ब्रिटन आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. ब्रिटनमध्ये १.८५ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, इस्राएलमध्ये ०.१७ टक्के. इस्राएलमधली बाळं वर्षाच्या आतच शेंगदाण्याचा एक मऊ कुरकुरीत खाऊ खात, ब्रिटनमधली बाळं शेंगदाणा जवळजवळ खातच नसत.

याची कसोटी घेणारा 'लीप' हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे अशी ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं त्यांचे दोन गट केले. एकानं पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळला, दुसऱ्यानं नियमित खाल्ला. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. आणि सुरुवातीलाच त्वचेवर लहानशी गांधी उठलेल्या बाळांमध्येही खाण्याचा फायदा दिसला: टाळणाऱ्यांत ३५.३ टक्के, खाणाऱ्यांत १०.६ टक्के. ज्या खुणेमुळे डॉक्टरांनी शेंगदाणा बंद केला असता, तीच खूण असलेल्या मुलांना खाण्यानं वाचवलं.

म्हणून सरसकट सगळ्या बाळांचं रक्त आधी तपासा आणि मग शेंगदाणा द्या, हा मार्ग वाटतो तितका सुरक्षित नाही. चुकीचे पॉझिटिव्ह अहवाल आणि त्यानंतरची थांबाथांब यांत सहनशीलता तयार होण्याचे मोलाचे महिने निघून जातात. अमेरिकेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी आधी तपासणीचा सल्ला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांपुरता ठेवला. बाकीच्या बाळांना वरचं अन्न सुरू झालं की शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट पातळ पेजेत किंवा खिमटीत कालवून देता येतं. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला कधीही देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

अहवाल वाचताना

आपल्या शहरांत आता शंभर-दोनशे पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' तपासणी विकली जाते. तिच्यात बहुधा आयजीई नसतं, आयजीजी किंवा आयजीजी-४ मोजलेलं असतं. ही प्रतिपिंडं आपण नियमित खाल्लेल्या पदार्थांविरुद्ध सर्वांनाच तयार होतात. लीप प्रयोगात शेंगदाणा खाऊन सुरक्षित राहिलेल्या मुलांमध्येच आयजीजी-४ वाढलेलं आढळलं. रोज कूट खाणाऱ्या मराठी माणसाच्या रक्तात ते सापडलं, तर तो रोज कूट खातो एवढंच सिद्ध होतं. ॲलर्जीच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नये, असं युरोपच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच सांगितलं आहे. या कागदावरून मुलाच्या ताटातला एकही पदार्थ कमी करू नये.

आयजीईची चाचणी मात्र खरी आणि उपयोगी आहे, ती योग्य माणसावर झाली तर. शेंगदाणा खाल्ल्यावर दोन तासांच्या आत गांधी, ओठांची सूज, उलट्या, खोकला, घरघर यांतलं काही झालं असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं आणि तोवर शेंगदाणा बंद ठेवायला हवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा मूल गळून गेलं असेल, तर मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे. ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. याउलट मूल आजवर शेंगदाणा आनंदानं खात आलं असेल आणि कुठल्याशा पॅकेजमधल्या अहवालात तो पॉझिटिव्ह निघाला असेल, तर खाणं थांबवण्याआधी तो अहवाल ॲलर्जीच्या जाणकार डॉक्टरांना दाखवावा. खाता खाता तयार झालेली सहनशीलता कागदावर दिसत नाही आणि विनाकारण थांबवल्यानं ती गमावण्याची जोखीम असते. शंका उरलीच तर देखरेखीखाली खाऊ घालून पाहण्याची परीक्षा आहे, आणि ती सुसज्ज रुग्णालयातच व्हायला हवी, घरी नव्हे.

मेलबर्नची बाळं, घानाची शाळकरी मुलं, कर्नाटकातली प्रौढ माणसं यांनी दिलेल्या रक्तानं आणि वेळानं आपल्याला हे ज्ञान मिळालं आहे. हजारो लोकांची तपासणी झाली म्हणूनच एका माणसाचा अहवाल कसा वाचायचा ते कळलं. त्या ज्ञानाचा मान राखायचा तर मुलानं काय खाल्लं, किती वेळानं काय झालं आणि असं पूर्वी कधी झालं होतं का, हे तीन प्रश्न रक्ताची नळी भरण्याआधी विचारले गेले पाहिजेत. डॉक्टरांनी ते विचारावेत आणि विचारले नाहीत तर पालकांनी त्यांची उत्तरं स्वतःहून सांगावीत.